मनवर सरांचं अर्धवट लिंबू

काही माणसांचं कर्तृत्व भिंतीवर टांगलेलं असतं. धर्मपाल मनवर सरांचं अंगावर शिवलेलं आहे. दिग्रस-महागाव पट्ट्यात विज्ञानाचा प्रसार कुठवर पोचला हे कोणाला बघायचंच असेल, तर त्यानं सरांना शर्ट काढायला सांगावं. डाव्या भुवईवरची पांढरी रेघ म्हणजे सूर्यग्रहण. भर ग्रहणात चौकात उभं राहून लोकांना पोहे खाऊ घालायचा जाहीर कार्यक्रम सरांनी ठेवला होता. पोहे संपेपर्यंत सगळे गप्प होते. संपल्यावर कोणीतरी कढईवरचं झाकण भिरकावून अभिप्राय दिला. उजव्या नडगीवरचा खड्डा म्हणजे सर्पजागृती. लोकांच्या काठ्यांतून धामण सुटावी म्हणून सर आडवे झाले आणि तिच्यावर धरलेला नेम सरांवर उतरला. धामण निघून गेली. “मांगं वळूनबी नाई पाह्यलं तिनं,” असं सर अजून दुखऱ्या आवाजात सांगतात. कानाच्या पाळीचा जो तुकडा दिसत नाही, तो बाटलीच्या रॉकेटनं नेला. पण ते काम खुद्द विज्ञानाचं. त्यात जनतेचा काही दोष नाही.

ही सगळी शिवण मोनालीताईंच्या हातची. मोनालीताई म्हणजे सरांची बायको, प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर. “लोकाइच्या बायका नवऱ्याच्या शर्टाले टाके घालतात,” त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणायच्या, “मी शर्ट सोडून देतो.”

सर विचारायचे, “मोनाली, भुलीचं इंजेक्शन?”

“कायले? भूल तर तुमाले लग्नाच्या आधीपासून पडेल हाये.”

हे मार खाण्याचं व्रत सरांनी लहानपणीच घेतलं. त्यांचे वडील दिग्रसला एका जिनिंगात कामाला होते. एका दुपारी मशीनच्या पट्ट्यानं वडिलांच्या उजव्या हाताची बोटं नेली. रक्तानं भिजलेला कापूस बाजूला काढला आणि दिवस कलायच्या आत मशीन पुन्हा सुरू झालं. मुकादमानं निदानही करून टाकलं, “दसऱ्याले मशीनपुढं नारळ नाई फोडलं तुह्या बापानं. तुमी लोक मानतच नाई न! मंग मशीन आपलं घेते.” शाळकरी धर्मपाल मशीनजवळ जाऊन वाकला. पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून कोपऱ्यात उभी केलेली होती, कारण तिच्यात कापूस अडकतो. पोरगं ओरडलं, “जाळी काढली म्हनून बोटं गेले!” मुकादमानं त्याच्या थोबाडीत दिली. कारण सांगितलं की मार बसतो, आणि मार बसला म्हणून कारण काही बदलत नाही, असे दोन नियम धर्मपालला त्या दिवशी एकदमच पाठ झाले. पुढे बी.एस्सी., बी.एड. झालं, विज्ञानाची मास्तरकी मिळाली, पण अभ्यासक्रमात नवीन असं काही आलं नाही.

नोकरी पक्की झाल्यावर सरांनी एक जुनी ओमनी गाडी घेतली आणि तिच्यावर सूर्यमाला रंगवून घेतली. पेंटर मिळाला तो लग्नमांडवावर ‘सुस्वागतम्’ लिहिणारा. त्यानं शनीभोवती झेंडूची माळ काढली आणि पृथ्वीच्या दोन्ही अंगांना केळीचे खुंट उभे केले. या गाडीतून सर गावोगाव फिरत. सोबत असायचे नीळकंठराव.

नीळकंठराव त्याच शाळेत मराठी शिकवत. मूळ पुसदचे. घरात तीन पिढ्या कचेरीतल्या, त्यामुळे अंगावर धावून येणारी वस्तू त्यांनी जन्मात अर्जापलीकडे पाहिली नव्हती. माणूस इतका भित्रा की फुगा फुटला तरी आधी खिडकी कुठे आहे ते बघायचा. पण देवानं, किंवा सरांच्या मते स्वरयंत्राच्या रचनेनं, त्यांना सूत्रसंचालनाचा आवाज दिला होता. “कृपया सर्वांनी आसनस्थ व्हावे,” असं नीळकंठरावांनी म्हटलं की मांडवाबाहेरची म्हैससुद्धा बसते, अशी तालुक्यात वदंता होती. हार, शाल, श्रीफळ, शब्दसुमने हा त्यांचा प्रांत. लिंबू, पारा, चुंबक हा सरांचा.

सरांची एक ठरलेली रीत होती. आधी घाबरवायचं, मग हसवायचं. काळी कफनी, बाजारातल्या मण्यांच्या माळा आणि गणेशोत्सवातल्या नाटकाचा जटांचा टोप चढवून सर कवटीबाबा व्हायचे. डोळे असे फिरवायचे की पुढच्या रांगेतल्या एक-दोन बाया पाया पडायला उठायच्याच. मग चमत्कार. लोक गार झाले की सर टोप काढून फेकायचे, खाली गुळगुळीत टक्कल निघायचं, आणि हशाच्या लाटेवर सर कारण सांगायचे. मोनालीताईंना ही रीत पसंत नव्हती. “आधी कारण सांगत जा. लोकाइच्या डोक्यात जे आधी जाते, तेच राह्यते.” सर म्हणायचे, “मोनाली, आधी कारण सांगतलं त पाह्यतं कोन?” यावर त्या सुई जरा खोल घालायच्या.

गेल्या ऑगस्टात पुसदच्या एका कॉलेजात तीन जिल्ह्यांचा विज्ञान संशोधन मेळावा भरला. आत सभागृहात प्राध्यापक मंडळी जमिनीचा पोत आणि कपाशीवरची अळी इंग्रजीत वाचून दाखवत होती. ऐकायला फक्त ज्यांचा नंबर पुढे होता ते. विज्ञानप्रसाराचा मान सायकल स्टँडजवळच्या मांडवाला मिळाला होता आणि गावागावांतून आलेलं झाडून सगळं पब्लिक तिथं होतं. मंडप आणि माईक होता खैरटेक गावच्या बादलचा. बादल हा धिप्पाड, भाबडा, जरा तापट गडी. लोकांच्या सभा उभ्या करून देणं आणि संपल्यावर गुंडाळून नेणं हा त्याचा धंदा. आयुष्यभर त्यानं माईक लावला, पण त्या माईकवरून त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

कवटीबाबानं लिंबू हवेत धरलं. “ज्याच्या घरावर करणी, त्याचं लिंबू रक्त गाळीन!” चाकू फिरला. लिंबातून लालभडक धार निघाली, बाबाच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली. अँप्लिफायरशी बसलेल्या बादलच्या तोंडातली सुपारी खाली पडली.

यात रक्ताचा थेंब नव्हता. जास्वंदीचं फूल पात्यावर घासून वाळवायचं. पातं नुसतं मळकट दिसतं. लिंबाचा आंबट रस लागला की जास्वंदीचा रंग लालभडक होतो, आणि थर जाड असला तर एका पात्यावर तीन-चार लिंबं निघतात. झालं. हे सांगायला जेवढा वेळ लागला, तेवढाच सरांना हवा होता. टोप काढायला त्यांनी डोक्याला हात लावला आणि तेवढ्यात मांडवाच्या दाराशी प्रमुख पाहुण्यांची गाडी थांबली.

“पुढील उलगड्यापूर्वी,” नीळकंठरावांचा आवाज घुमला, “आपल्या लाडक्या पाहुण्यांचा सत्कार!”

पाहुण्यांचा झाला. पाहुण्यांसोबत आलेल्यांचा झाला. ज्यांनी सत्कार केला, त्यांनाही शाल मिळाली. कवटीबाबा चाकू टेबलावर ठेवून टोपासकट घामाघूम उभे. शेवटी पाहुणे बोलायला उठले आणि सुज्ञपणे एकच वाक्य बोलले, “जेवण तयार आहे.” वांग्याची भाजी आणि बुंदीच्या दिशेनं मांडव असा रिकामा झाला की सरांनी टोप काढला, तेव्हा टक्कल पाहायला एक कुत्रं होतं. आणि बादल? त्याला दुसऱ्या गावी मांडव टाकायचा होता. त्यानं भराभरा वायरी गुंडाळल्या आणि टेबलावर जे होतं ते पेटीत भरलं. त्यात चाकूही गेला.

त्यानंतरच्याच आठवड्यात, सर नववीच्या वर्गावर असताना फोन वाजला.

“सर, नमस्ते जी. मी बादल, मंडपवाला.”

“बोल रे.”

“सर, तुमचं लिंबू खरं निघालं जी!”

सरांच्या हातातला खडू खाली पडला. बादलच्या आवाजात राग होता, रडू होतं, आणि खरं सांगायचं तर कृतज्ञताही होती. त्याची दुभती म्हैस सकाळी गेली होती, दुसरी गोठ्यात फेस गाळत होती. त्यानं पेटीतला चाकू काढून गोठ्यात लिंबू कापलं. रक्त. “कृषी केंद्रवाला पोरगा हाय आमच्या इथं, बी.एस्सी. झाला. तो म्हने, एका लिंबावर काई सिद्ध होत नाई, प्रयोग पुन्हा करा. मंग त्यानं सोता कापलं. तरी रक्त! सिद्ध झालं न सर?”

“बादल, ऐक. त्या चाकूले...”

“बाईबी सापडली सर. रूपीबाई. काल माह्या गोठ्याजवळ उभी राहून म्हने, म्हैस काहून सुकून राह्यली रे. आज म्हैस मेली. सगळं गाव तिच्या दारात जमलं. तुमी नसते सांगतलं त आमाले समजलंच नसतं जी!”

मागून एक कल्ला आला. पत्र्यावर दगड पडल्यासारखा. फोन बंद.

वर्गातून सर धावत निघाले ते नीळकंठरावांच्या वर्गात. तिथं अलंकार चालू होते. सरांनी नीळकंठरावांना खुर्चीतून उचललं, म्हणजे अक्षरशः काखेत हात घालून उचललं, आणि ओमनीत टाकलं. वाटेत गोष्ट कळल्यावर नीळकंठराव म्हणाले, “मनवर, आपण पोलिसांना कळवू आणि... आणि पोलिसांच्या मागोमाग जाऊ.”

“पोलिसाइले लावा फोन. पन गाडी नाई थांबत नीळूभाऊ. ते लिंबू माहं हाये.”

नीळकंठरावांनी फोन लावला. मग हळू आवाजात म्हणाले, “अर्धं माझंही आहे.”

खैरटेकच्या टोकाला रूपीबाईचं घर. मातीच्या भिंती, वर पत्रा. रूपीबाई साठीच्या पुढची, एकटी, आणि जिभेनं अशी फटकळ की गावात तिला कोणी उसनं मागायला जात नसे. गाडी वळणावर आली तेव्हा घराचं दार बिजागरीतून निघून अंगणात पडलं होतं. उंबऱ्यात रूपीबाई उभी. उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळून लोंबत होता, आणि डाव्या हातात विळा. समोरच्या गर्दीतल्या एकाचा कान फाटला होता, दुसरा मांडी धरून मातीत बसला होता. केसांतून उतरलेलं रक्त तिच्या डोळ्यात जात होतं आणि ती ते खांद्यानं पुसत होती.

“या न रे!” ती ओरडत होती. “एकएक जन या! करनी येत असती त तुमी उभे दिसले असते का बे?”

हा मुद्दा तर्कशास्त्राला धरून होता, पण ते ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. एक काठी तिच्या खांद्यावर बसली. ती भिंतीला आदळली आणि पुन्हा उभी राहिली. कृषी केंद्रवाला बी.एस्सी. मोबाईलवर हे सगळं टिपत होता, पुराव्यासाठी.

सरांनी ओमनी गर्दीतच घातली. शनी, गुरू, पृथ्वी, केळीचे खुंट, सगळी सूर्यमाला माणसांना ढकलत उंबऱ्यापर्यंत गेली. सर उतरले आणि हात पसरून उभे राहिले.

“थांबा! रक्त नाई ते! चाकूले जास्वं...”

पहिला दगड तोंडावर आला. पुढचे दोन दात जागीच गेले. सरांनी रक्त थुंकलं आणि पुन्हा सुरुवात केली, “चाकूले जाश...” काठी पाठीवर. “आंबट लागलं की...” काठी बरगडीत. सर गुडघ्यावर आले. कोणीतरी ओळखलं. “अरे, हा तर तोच, कवटीबाबा! याले समजते सगळं! बाबा, करनी उतरव तिची!” सरांनी मान हलवून नाही म्हटलं, तसा तोच माणूस चिडला, “म्हंजे हाबी तिच्यातलाच!” आणि सरांच्या हातावर बूट पडला. बोटं मातीत रुतली. बाप आठवावा असा तो क्षण होता, पण आठवायलाही सवड नव्हती. मागून कोणी केस धरायला गेला, केस नव्हते, म्हणून मान धरली. रूपीबाईनं त्या हातावर विळा चालवला. दगड, किंकाळ्या, शिव्या, पत्र्याचा आवाज. सर ज्या ज्या वेळी तोंड उघडत, त्या त्या वेळी कारण बाहेर यायच्या आधी मार आत जात होता.

आणि नीळकंठराव?

नीळकंठराव ओमनीच्या मागच्या सीटखाली, प्रयोगाच्या सामानातल्या प्लॅस्टिकच्या सूर्यमालेला मिठी मारून पडले होते. दाराच्या फटीतून त्यांना सरांचा चष्मा दिसला. एका बुटाखाली तो फुटला. तो फुगा नव्हता, पण नीळकंठरावांनी सवयीनं खिडकी कुठे आहे ते पाहिलं. खिडकीबाहेर बादलची पिकअप उभी होती. तिच्यावर भोंगे, बाजूला मशीन, मशीनला लटकलेला माईक.

पुढचं त्यांनी कसं केलं हे त्यांना आजही सांगता येत नाही. ते रांगत गेले. बटण दाबलं. घसा साफ केला.

“नमस्कार! कृपया सर्वांनी आपापल्या जागी आसनस्थ व्हावे. प्रमुख पाहुण्यांचे आगमन झालेले आहे.”

भोंग्यातून तो आवाज गावावर पसरला आणि उगारलेल्या काठ्या वर तशाच राहिल्या. आपल्या लोकांना दंगल आवरता येत नाही, पण कार्यक्रम मोडवत नाही. जन्मापासून ज्या आवाजावर पोरांना मांडीवर घेऊन गप्प बसायचं वळण लागलेलं, त्या आवाजासमोर कोणाला काठी चालवता येईना. मागचे दोघं-तिघं तर खरंच खाली बसले. पुढच्यांनी वळून पाहिलं, पाहुणे कुठून आले म्हणून.

“सर्वप्रथम,” नीळकंठरावांचे पाय लटलट कापत होते, आवाजाला मात्र त्याची खबर नव्हती, “ज्यांच्या अथक परिश्रमांशिवाय या पंचक्रोशीत एकही सभा उभी राहिली नाही, ज्यांच्या मांडवाखाली आपण सर्व मोठे झालो, परंतु ज्यांचा सत्कार आजवर कोणीही केला नाही, असे आपले श्रीयुत बादलभाऊ! त्यांनी कृपया व्यासपीठावर यावे.”

बादलच्या हातात काठी होती, तिच्या टोकाला रक्त होतं. त्यानं काठीकडे पाहिलं, मग पिकअपकडे. मग काठी पाठीमागे लपवली. आईच्या पुढ्यात बिडी लपवावी तशी.

“टाळ्या!” नीळकंठराव म्हणाले.

आणि कोणीतरी टाळी वाजवली! मग नीळकंठरावांनी नावं घ्यायचा सपाटाच लावला. हे सरपंचांचे धाकटे बंधू, हे दूध डेअरीचे सचिव, हे कृषी केंद्राचे तरुण तडफदार संचालक. इथली पोरं त्यांच्याच शाळेत, त्यामुळे दाखल्यांपासून सगळं गाव त्यांना तोंडपाठ होतं. ज्याचं नाव भोंग्यावर येई, तो गर्दीतून सुटा होऊन एकटा उभा राही, शर्ट सारखा करी, हातातली वस्तू खाली टाकी. नावानिशी हाक आल्यावर गर्दीत राहता येत नाही. स्वतःचा पंचा खांद्यावरून काढून नीळकंठरावांनी बादलच्या अंगावर घातला, तेव्हा महागावच्या रस्त्यानं पोलिसांची जीप आली. रूपीबाई अजून उंबऱ्यातच उभी होती. विळा तिनं खाली ठेवला नव्हता.

आरोग्य केंद्रात मोनालीताईंनी नवऱ्याला ओळखलं ते टकलावरून. चेहऱ्याची ओळख पटण्यासारखी नव्हती. शेजारच्या बाकावर रूपीबाई, हात फळीला बांधलेला, विळा धुऊन पायाशी ठेवलेला. डॉक्टर तिला पुसदच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचा कागद करत होते. मोनालीताईंनी सरांचा ओठ शिवायला घेतला. आज त्यांनी न विचारता भुलीचं इंजेक्शन दिलं, आणि सरांना याच गोष्टीची खरी भीती वाटली.

रूपीबाई उठली. सरांसमोर येऊन उभी राहिली.

“तूच का तो लिंबूवाला?”

सरांनी मान हलवली. रूपीबाईनं चांगल्या हातानं त्यांच्या थोबाडीत दिली.

“वो बाई!” मोनालीताई ओरडल्या. “टाका चालू हाये माहा!”

“तुह्या टाक्याले नाई मारलं. त्याले मारलं. लिंबू कापलं आन् जेवाले निघून गेला.”

मोनालीताईंनी एक टाका ओढून घेतला. मग त्यांनी विचारलं, “अहो, आज तरी कारण सांगतलं का त्याइले?”

सरांनी नीळकंठरावांकडे पाहिलं. नीळकंठराव जमिनीकडे बघू लागले. “सत्कार झाला,” ते पुटपुटले, “मग पोलीस आले... मग आम्ही निघालो.”

“म्हंजे पुन्हा अर्धवटच!” मोनालीताई म्हणाल्या.

जीपसोबत आलेला हवालदार मध्यस्थी करायला म्हणाला, “बाई, तुमची बहीण हाय म्हनता न पुसदले? दवाखान्यातून तिकडंच राहा काई दिवस. केस होईल, कायदा हाय याच्यावर.”

“मी काहून राहू?” रूपीबाई म्हणाली. “घर माहं हाये. आज हे बसले खाली, बाजा ऐकून. उद्या बाजा बंद झाला म्हंजे? त्याइच्या डोक्यात त मी अजून करनीवालीच हावो.” मग ती सरांकडे वळली. “ऊठ. तुह्यानं सुरू झालं, तूच मिटव. पुसदच्या रस्त्यातच हाये गाव.”

सर उठले. ओठाच्या खालच्या बाजूला दोन टाके बाकी होते, दोऱ्याचं टोक हनुवटीवर लोंबत होतं. मोनालीताईंनी अडवलं नाही. त्यांनी सुई-दोऱ्याचा ट्रे उचलला आणि ओमनीत जाऊन बसल्या.

खैरटेकला पंचनामा चालू होता. गोठ्यात गुरांचे डॉक्टर म्हशीचं पोट तपासून हात धूत होते. पावसानं ओढ दिली की कोवळ्या ज्वारीत विष धरतं आणि म्हशींनी तीच चरलेली आहे, असं ते ठाणेदारांना सांगत होते. ठाणेदार ते लिहून घेत होते. ऐकत दुसरं कोणी नव्हतं. गाव लांब उभं होतं. बादल आणि आणखी काही जण जीपमध्ये. बादलच्या अंगावर अजून नीळकंठरावांचा पंचा.

रूपीबाई सरळ बादलच्या दारात गेली. त्याच्या फाटकाशी जास्वंद फुलली होती. तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी सुजलेल्या तोंडानं काहीतरी म्हटलं, त्यातला एकही शब्द कोणाला कळला नाही. तेव्हा त्यांनी फूल तोडलं, रूपीबाईच्या विळ्यावर घासलं आणि पात्यावर फुंकर घालत राहिले. गोठ्यातलं एक लिंबू मोनालीताईंनी धरलं. रूपीबाईनं डाव्या हातानं कापलं.

लाल धार निघाली. गाव एकदम मागे सरकलं. कोणीतरी “माय वो!” म्हणालं.

“त्याले उतरवा खाली,” रूपीबाई जीपकडे बोट करून म्हणाली. ठाणेदारांनी आधी नाही म्हटलं. मग तिच्या मोडक्या हाताकडे पाहिलं आणि बादलला उतरवलं.

“फूल तोड. तुह्याच झाडाचं. घास याच्यावर.”

बादलनं घासलं.

“आता काप.”

त्यानं लिंबू कापलं. रस त्याच्या मनगटावरून खाली उतरला, लालभडक.

रूपीबाई त्याच्या अगदी जवळ गेली. “निघालं न रक्त? मंग आता तुलेबी मारू का?”

बादल मटकन खाली बसला. मोनालीताई गर्दीकडे वळल्या. फुलातला रंग, लिंबातलं आंबट, असं सगळं त्यांनी सांगितलं. भाषणासारखं नाही, गोळ्या कशा घ्यायच्या हे सांगतात तसं, दोनदोनदा. कृषी केंद्रवाला मोबाईल खिशात घालून पुढे आला, त्यानंही फूल घासून पाहिलं. मग एका म्हाताऱ्यानं. मग बाया आल्या. गोठ्यातली लिंबं संपली तेव्हा कोणी घरातून आणली. बादल रडत होता.

“रडू नको,” रूपीबाई म्हणाली. “मी तुले माफ करत नाई. जेलातून आला म्हंजे माहं दार बसवून दे. बिजागरी नवी आन.”

सर ओमनीला टेकून हे पाहत होते. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रयोग, की जो लोकांनी स्वतःच्या हातानं शेवटापर्यंत नेला, आणि त्यात त्यांना एक शब्द बोलता आला नव्हता. हनुवटीवरचा दोरा वाऱ्यावर हलत होता. तेवढ्यात त्यांच्या पाळी तुटलेल्या कानाला ओळखीची खरखर ऐकू आली. पिकअपवर माईक चालू झाला होता.

“आणि आता,” नीळकंठराव घसा साफ करून म्हणाले, “आभारप्रदर्शनापूर्वी, रूपीबाईंचा यथोचित...”

जन्मभर मार खाल्लेल्या माणसानं आयुष्यात एकदाच कोणावर हात उचलला. सरांच्या सुजलेल्या पंजाचा फटका नीळकंठरावांच्या मनगटावर असा बसला की माईक मातीत जाऊन पडला. नीळकंठरावांनी मनगट चोळलं, आणि पहिल्यांदाच खिडकी कुठे आहे ते पाहिलं नाही. मागे लिंबं कापणं चालूच होतं.